हसिरु आणि हसिवु
('एल्व्हिरा मॅडिगन' या चित्रपटाचा एक अभ्यास)

कन्नडमध्ये हिरव्या रंगाला 'हसिरु' म्हणतात आणि भुकेला 'हसिवु'. दोन शब्दांत फरक काय तो शेवटच्या एका अक्षराचा. घरात मराठी आणि गल्लीत कन्नड बोलत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे दोन्ही शब्द लहानपणापासून ठाऊक होते. पण ते एकमेकांच्या इतके शेजारी राहतात, हे मात्र ध्यानात आणून दिले ते एका स्वीडिश चित्रपटाने. बो विडरबर्ग या दिग्दर्शकाचा १९६७ सालचा 'एल्व्हिरा मॅडिगन' हा तो चित्रपट. सारा चित्रपट हिरव्यागार कुरणांत घडतो आणि त्या कुरणांतली दोन माणसे हळूहळू उपाशी पडत जातात. हसिरुपासून हसिवुपर्यंतचा प्रवास, असे त्याचे वर्णन केले तर ते चुकीचे होणार नाही.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने सौंदर्यावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. किर्द-खतावणी घालणाऱ्याला फुलपाखरांशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु माझे म्हणणे असे, की या चित्रपटाचे सौंदर्य नीट कळण्यास थोडा हिशेब यावा लागतो. 'फार सुंदर, फार करुण' एवढे बोलून उठणाऱ्यांनी अर्धाच चित्रपट पाहिलेला असतो. उरलेला अर्धा कसा पाहावा, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

घडलेली गोष्ट

प्रथम कथानक पाहू. ते काल्पनिक नाही. हेडविग येन्सन ही १८६७ साली जन्मलेली मुलगी सर्कशीच्या कुटुंबात वाढली. दोरीवरून चालणे व नाचणे ही तिची कला, आणि 'एल्व्हिरा मॅडिगन' हे तिचे सर्कशीतले नाव. सिक्स्टन स्पारे हा स्वीडनच्या घोडदळातला लेफ्टनंट, उमराव घराण्यातला, जन्म १८५४ चा. त्याला पत्नी होती, दोन मुले होती आणि डोक्यावर कर्जही होते. १८८९ च्या उन्हाळ्यात ही दोघे आपापले जग मागे टाकून डेन्मार्कमध्ये पळून गेली. आधी स्वेंडबोर्ग या गावी आणि मग जवळच्याच टोसिंगे नावाच्या बेटावर ती राहिली. काही आठवड्यांतच जवळचे पैसे संपले. जुलै महिन्यात एके दिवशी खाण्याची टोपली घेऊन ती रानात गेली आणि परत आली नाहीत. सिक्स्टनने आपल्या लष्करी पिस्तुलाने आधी तिचा आणि मग स्वतःचा अंत केला. मृत्युसमयी तिचे वय २१ होते, त्याचे ३४.

त्याच बेटावरील लांडेट येथील चर्चच्या आवारात दोघांना पुरले आहे. नवविवाहित जोडपी तेथे येऊन फुले वाहतात. योहान लिंडस्ट्रॉम साक्सोन या स्वीडिश लेखकाने या घटनेवर रचलेले गीत घरोघर गायिले गेले. आपल्याकडे एखाद्या घटनेवर पोवाडा किंवा लावणी व्हावी आणि ती जत्रेतून जत्रेत जावी, तसाच हा प्रकार. पुढे १९४३ साली या कथेवर एक चित्रपटही निघाला होता. म्हणजे विडरबर्ग यांनी हा विषय हाती घेतला तेव्हा शेवट कोणाला सांगण्याची गरज नव्हती. तरीही त्यांनी तो सांगितला, आणि तोही अगदी पहिल्यांदाच! चित्रपटाच्या आरंभीच पडद्यावर अक्षरे येतात की, १८८९ साली या दोघांनी डेन्मार्कमधील रानात आपले जीवन संपविले.

असे का केले असावे? माझ्या मते, 'पुढे काय होणार' ही उत्कंठा एकदा काढून घेतली की प्रेक्षकाचे लक्ष 'आता काय होत आहे' याकडे वळते. परीक्षेचा निकाल आधीच कळला तर उत्तरपत्रिका शांतपणे वाचता येते, तसेच हे. विडरबर्ग आपणास त्या दोघांचा एकेक दिवस वाचावयास लावतात. सकाळी काय खाल्ले, दुपारी कोठे पडून राहिले, संध्याकाळी कोणते गाणे गुणगुणले. प्रीतिकथेत सहसा वगळल्या जाणाऱ्या या गोष्टी येथे मुख्य होतात.

तीन वेळा पाहण्याची रीत

आमच्या एका प्राध्यापकांनी हा चित्रपट आम्हा दहाबारा विद्यार्थ्यांना दाखविला. भाषा स्वीडिश, खाली इंग्रजी अक्षरे. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना ती अक्षरे वाचण्यातच निम्मा वेळ जातो. म्हणून मी तो पुन्हा पाहिला, तोही खालची अक्षरे बंद करून. तेव्हा संवाद कळले नाहीत, परंतु ऊन दिसले. तिसऱ्या वेळी काही प्रसंग डोळे मिटून केवळ ऐकले. परभाषेतील चित्रपटाच्या अभ्यासासाठी ही रीत मला उपयोगी वाटली, म्हणून मुद्दाम येथे नोंदवितो. एकदा गोष्टीसाठी, एकदा डोळ्यांसाठी आणि एकदा कानांसाठी.

डोळ्यांनी जे पाहिले त्याविषयी सांगतो. छायालेखक यॉर्गेन पर्सन यांनी मोठ्या दिव्यांचा भडिमार टाळून सूर्यप्रकाशावर भिस्त ठेवली आहे. उत्तरेकडील देशांतला उन्हाळा आपल्यासारखा भाजून काढणारा नसतो. तेथे सूर्य आकाशात खाली खाली राहतो आणि संध्याकाळ लांबत जाते. त्यामुळे ऊन तिरपे येते आणि गवताच्या टोकांवर, केसांच्या कडांवर, पांढऱ्या कपड्यांच्या किनारीवर थांबते. एल्व्हिराचे काम करणारी पिया डेगरमार्क ही त्या वेळी अगदी कोवळ्या वयाची, नवखी नटी. तिचे सोनेरी केस अनेकदा प्रकाशाच्या आणि आपल्या मध्ये येतात आणि पेटल्यासारखे दिसतात. फ्रान्समधील दृक्प्रत्ययवादी चित्रकारांची आठवण पुष्कळांना होते ती यामुळे. ते चित्रकारही वस्तूपेक्षा वस्तूवर पडलेला प्रकाश रंगवीत, आणि त्यांचा काळही हाच, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. या भूमिकेसाठी तिला १९६७ च्या कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले.

या सौंदर्याची आपल्याकडील 'मुगल-ए-आझम'शी तुलना करून पाहावी. तोही गतकाळातील, तोही तरुण आणि दुर्दैवी प्रेमाचा. के. आसिफ यांच्या १९६० च्या त्या चित्रपटात सौंदर्य म्हणजे शीशमहाल. हजारो आरशांच्या तुकड्यांत अनारकलीचे प्रतिबिंब उमटते आणि बादशहाच्या छताला तिचे बंड भिडते. ते सौंदर्य विकत घेतलेले आहे आणि ते विकत घेण्याची ताकद ज्याच्यापाशी आहे तोच प्रेमाचा शत्रू आहे. म्हणून तेथे कोणाशी लढायचे हे स्पष्ट असते. 'एल्व्हिरा मॅडिगन'मध्ये बादशहा नाही. तलवार उपसणारा कोणी बाप नाही, भाऊ नाही. सौंदर्यही कोणाच्या मालकीचे नाही. ऊन, वारा, गवत, ओढ्याचे पाणी यांना अर्थशास्त्रात मोफत वस्तू म्हणतात. त्यांची किंमत द्यावी लागत नाही. या दोघांजवळ मोफत वस्तूंचे भांडार अखेरपर्यंत भरलेले आहे. रिकामा होतो तो फक्त खिसा.

गवताचे पाते

चित्रपटातील एक प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सिक्स्टनच्या पलटणीतील एक मित्र, क्रिस्टोफर, त्याचा माग काढीत येतो. घरी टाकून आलेल्या पत्नीची आणि मुलांची आठवण तो करून देतो. त्याला उत्तर देताना सिक्स्टन गवताच्या पात्याचा दाखला देतो. पाते डोळ्यांजवळ धरले की तेच सारे जग होते आणि पलीकडचे सगळे अंधुक होते, असा त्याच्या बोलण्याचा आशय.

हे वाक्य नुसते प्रेमिकाचे नाही. छायालेखनाचा सारा नियमच त्यात आला आहे. ज्यांनी कॅमेरा हाताळला असेल त्यांना ठाऊक असते, की जवळच्या वस्तूवर भिंग नेमके बसविले की मागचे दृश्य विरघळून जाते. पर्सन यांनी चित्रपटभर हेच केले आहे. गालावरची बारीक लव स्पष्ट दिसते, मागची झाडे म्हणजे नुसते हिरवे धुके. पुढे एक फूल, मागे त्याचा चेहरा अस्पष्ट. आपण म्हणतो, किती सुंदर! पण ही सुंदरता आली कोठून? बाकीचे पुसून टाकण्यातून आली. सौंदर्य जवळून पाहिल्याने दिसते आणि जवळून पाहणे म्हणजे दुसरे काही न पाहणे, ही या चित्रपटाची खरी शिकवण आहे.

आता त्या धुक्यात कोण कोण आहे याची यादी करावी. सिक्स्टनची पत्नी तेथे आहे. दोन मुले तेथे आहेत. एल्व्हिराची आई व सावत्र वडील तेथे आहेत. जिच्या खेळासाठी लोक तिकीट काढीत ती सर्कस तेथे आहे. यांपैकी पत्नीचा चेहरा आपल्याला कधीच दिसत नाही. चित्रपट पाहून झाल्यावर 'ती बाई कशी दिसत असेल?' असा प्रश्न आमच्यापैकी एका मुलीने विचारला आणि क्षणभर सर्व गप्प झालो. कारण दीड तासात तो प्रश्न आमच्यापैकी कोणाच्या मनात आला नव्हता. चित्रपटाने आम्हांलाही डोळ्यांजवळ पाते धरावयास लावले होते.

याच संदर्भात वयाचा मुद्दाही लक्षात घ्यावा. पडद्यावर दोघेही तरुण दिसतात, म्हणून आपण याला 'तरुण प्रेम' म्हणतो. प्रत्यक्षात ती एकवीस वर्षांची होती आणि तो चौतीस वर्षांचा, संसारी, कर्जबाजारी. यामुळे तिचे प्रेम खोटे ठरत नाही. मात्र दोघांच्या निर्णयाचा भार सारखा मानता येत नाही, असे मला वाटते. पिस्तूलही त्याचेच होते.

कानांसाठी

संगीताविषयी थोडे. चित्रपटात वारंवार येणारी धून मोत्सार्ट या संगीतकाराच्या एकविसाव्या पियानो कॉन्चेर्तोच्या दुसऱ्या, म्हणजे संथ भागातील आहे. रचना १७८५ सालची. कथेतल्या घटनेच्या आधी शंभर वर्षांहून अधिक काळ ती अस्तित्वात होती. गेझा आंडा यांनी वाजविलेली ध्वनिमुद्रिका येथे वापरली आहे. चित्रपट इतका गाजला की पुढे जगभर त्या कॉन्चेर्तोच्या तबकड्यांवर 'एल्व्हिरा मॅडिगन' हेच नाव छापले जाऊ लागले. मोत्सार्टला ज्या मुलीची कल्पनाही नव्हती तिचे नाव त्याच्या रचनेला चिकटले. विवाल्दीचे संगीतही चित्रपटात आहे, पण लोकांच्या ध्यानात राहिली ती ही एकच धून.

डोळे मिटून ऐकल्यावर मला एक गोष्ट जाणवली. तंतुवाद्ये खाली मंद, अगदी घड्याळासारखी, ठेका धरून चालत राहतात आणि वर पियानोचा सूर निवांत तरंगत असतो. जणू त्याला कोठे जायचेच नाही. वरच्या सुराला वेळेचे भान नाही, खालचा ठेका मात्र दिवस मोजतो आहे. ज्यांना आपल्या संगीताची ओळख आहे त्यांनी संथ विलंबित आलापाखाली चालणारा तबला आठवावा. गवत्यावर पडलेली ती दोघे वरच्या सुरात आहेत. आपण प्रेक्षक खालचा ठेका ऐकत असतो.

जमा आणि खर्च

आता माझ्या विषयाकडे येतो. ही दोघे पळून आली तेव्हा त्यांच्या जमेच्या बाजूस काय होते? थोडे रोख पैसे, अंगावरचे कपडे आणि प्रत्येकाचा एकेक धंदा. त्याला सैनिकी येत होती, तिला दोरीवर चालता येत होते. पण त्याने गणवेशाची बटणे तोडून टाकली, दाढी उतरवली. ती सर्कशीत परत गेली तर ओळखली जाणार. म्हणजे ज्या कौशल्यांना बाजारात किंमत होती तीच वापरता येत नाहीत. नाव लपविणाऱ्याला काम मिळत नाही, कारण काम देणारा प्रथम नावच विचारतो. वृत्तपत्रांत त्यांच्या पलायनाची बातमी आली आहे. खानावळीतील लोकांच्या नजरा बदलू लागतात आणि त्यांना पुढच्या गावी जावे लागते. दर मुक्कामाला खर्च आहे, जमा कोठेच नाही. असा ताळेबंद फार दिवस चालत नाही, हे सांगावयास बी.कॉम.ची पदवी लागत नाही.

आणि तरी ती दोरी सुटत नाही. झाडांना दोरी बांधून एल्व्हिरा तिच्यावर चालते तो प्रसंग अवश्य पाहावा. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी डोंबाऱ्याची मुलगी काठी आडवी धरून दोरीवर चालते तेव्हा खाली थाळी फिरत असते. एल्व्हिराच्या दोरीखाली थाळी नाही. ती स्वतःसाठी चालते आहे, अंगातली कला मरू नये म्हणून. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून माझ्या पोटात कालवले, कारण आपण काय सोडून आलो आहोत हे त्या क्षणी तिचे पाय तिला सांगत असतात. अर्थशास्त्रात याला संधीचा त्याग म्हणतात. एक वस्तू घेताना जी दुसरी सोडावी लागते, तीच पहिलीची खरी किंमत. पुढे पैशासाठी ती लोकांसमोर नाचते तेव्हा सिक्स्टनला ते अपमानास्पद वाटते. तिच्या श्रमाने घरात भाकरी येईल, पण त्याच्या मानाला ते चालत नाही. उपासमारीतसुद्धा उमरावपण गळत नाही, ही गोष्ट विडरबर्ग यांनी एकही भाषण न घालता दाखविली आहे.

सुरुवातीच्या कुरणात पाव असतो, चीज असते, मद्य असते. त्यातच मद्याची बाटली कलंडते आणि लाल रंग पसरतो. त्या सुंदर जेवणात तेवढाच एक इशारा. पुढच्या कुरणांत खाणे कमी कमी होत जाते. अखेर ती दोघे रानातली फळे, आळंबी शोधीत गुडघ्यांवर रांगू लागतात. लक्षात घ्या, ऊन तेच आहे. गवत तितकेच हिरवे आहे, छायालेखन तितकेच देखणे आहे. घटत्या उपयोगितेचा नियम आम्हांला असा शिकवितात की पहिल्या आंब्याची गोडी पाचव्याला नसते. येथे कुरणाची गोडी घटत नाही, भाकरीची किंमत मात्र रोज वाढते. पडद्यावरचे सौंदर्य कायम ठेवून त्याच्या आतून आधार काढून घ्यायचा, ही या चित्रपटाची रीत. दुःख दाखवायचे म्हणून दिग्दर्शकाने आभाळ काळे केले नाही, पाऊस पाडला नाही. निसर्गाला आपल्या भुकेचे काही नसते, हे सत्य त्यामुळे अधिक बोचते.

विडरबर्ग यांची पार्श्वभूमी येथे उपयोगी पडते. १९३० साली माल्मो येथे जन्मलेले हे गृहस्थ आधी कादंबरीकार होते. १९६२ साली त्यांनी स्वीडिश चित्रपटांवर एक टीकात्मक पुस्तक लिहिले. आपला चित्रपट सामान्य माणसाच्या जगण्यापासून दूर गेला आहे, असा त्यांचा सूर होता आणि थोर दिग्दर्शक बर्गमन यांनाही त्यांनी वगळले नव्हते. त्यानंतर १९६३ मध्ये त्यांनी माल्मोतील कामगार वस्तीवर 'कोर्पेन वस्ती' या अर्थाचे नाव असलेला चित्रपट काढला. असा माणूस प्रीतिकथा करावयास बसला, तर तो खानावळीचे बिल विसरेल कसा?

तांदळाचे पोते

आपल्या भागातील प्रेक्षकाला येथे 'सैराट' आठवल्यावाचून राहणार नाही. नागराज मंजुळे यांच्या २०१६ च्या त्या चित्रपटाचा 'मनसु मल्लिगे' हा कन्नड अवतार पुढच्याच वर्षी निघाला आणि दोहोंत नायिका रिंकू राजगुरूच होती. आमच्या वर्गात काहींनी तो मराठीत पाहिला, काहींनी कन्नडमध्ये. 'सैराट'चा पूर्वार्ध सर्वांना पाठ आहे : विहीर, शेत, गाणी. पण मला त्याचा उत्तरार्ध मोठा वाटतो. हैदराबादला पळून गेलेली ती दोघे झोपडपट्टीतल्या खोलीत राहतात, काम शोधतात, भांडतात, पुन्हा जवळ येतात. त्यांना काम आणि आसरा मिळवून देणारी एक बाई भेटते, म्हणून त्यांचा संसार उभा राहतो. पुढे त्यांचा घात होतो तो जातीच्या अभिमानाने, भुकेने नव्हे. एल्व्हिरा आणि सिक्स्टन यांना अशी बाई भेटली नाही. हा फरक लहान नाही.

हे मी केवळ चित्रपटांवरून म्हणत नाही. माझ्या ओळखीत एक जोडपे आहे. मुलगा कन्नड, मुलगी मराठी. दोन्ही घरांचा विरोध पत्करून त्यांनी लग्न केले आणि भाड्याच्या एका खोलीत संसार मांडला. महाविद्यालयाच्या कट्ट्यावर त्यांची गोष्ट चित्रपटाच्या गोष्टीसारखी सांगितली जाते आणि सांगणारे नेहमी लग्नापाशी थांबतात. त्यापुढची गोष्ट मला त्या मुलीनेच सांगितली. पहिल्या महिन्यात तिची मावशी घरच्यांना न सांगता रिक्षाने आली, तांदळाचे एक पोते दारात ठेवले, चहासुद्धा न घेता गेली. 'त्या पोत्यावर आमचे अडीच महिने निघाले,' ती म्हणाली. एवढ्यात त्याला एका दुकानात हिशेब लिहिण्याचे काम मिळाले. आज दोघे सुखाने राहत आहेत, अधूनमधून भांडतातही.

'दुर्दैवी प्रेम' या शब्दाविषयी म्हणूनच मला शंका येते. दुर्दैव म्हटले की कोणाचीच जबाबदारी उरत नाही. टोसिंगे बेटावरची ती दोघे नशिबाने मेली असे म्हणून फुले वाहणे सोपे आहे. परंतु त्यांना मागे फिरण्याची वाट होती. लाज होती, शिक्षा होती, कर्ज होते, पण वाट होती. कोणाचे तरी दार ठोठवावे एवढे बळ त्यांच्यात उरले नाही, किंवा ठोठवण्याजोगे दारच त्यांना दिसले नाही. डोळ्यांपुढचे पाते बाजूला केले असते, तर कदाचित ते दिसले असते. मरणात प्रेमाचा विजय झाला, असे हा चित्रपट मला तरी सांगत नाही.

शेवटची चौकट

शेवट कसा दाखविला आहे, यावरून हे स्पष्ट होते. शेवटच्या जेवणानंतर सिक्स्टन पिस्तूल उचलतो, पण त्याचा हात धजत नाही. एल्व्हिरा उठून चालू लागते. समोर एक पांढरे फुलपाखरू येते. त्याला धरण्यासाठी ती ओंजळ पुढे करते आणि नेमक्या त्या क्षणी चित्र थांबते. चालता चित्रपट छायाचित्र होऊन जातो. त्या थांबलेल्या चित्रावर एक आवाज ऐकू येतो आणि काही वेळाने दुसरा. प्रेत नाही, रक्त नाही.

काही समीक्षकांना हा शेवट अतिशय गोड वाटला आहे. मरणसुद्धा सुंदर करून दाखविले, असा त्यांचा आक्षेप. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. आमच्या वयाच्या मुलामुलींच्या मनावर अशा चित्राचा काय परिणाम होईल, हा विचार मीही केला. पण त्या चित्राकडे नीट पाहिले तर ते वेगळेच सांगते. त्या क्षणी एल्व्हिरा मरणाकडे पाहत नाही, सिक्स्टनकडेही पाहत नाही. ती फुलपाखराकडे पाहते आहे. चित्रपटाच्या आरंभी कुरणात एक लहान मुलगी हिंडताना दिसते (दिग्दर्शकाची कन्या नीना हिने ते काम केले आहे). एल्व्हिराची अखेरची धावही तशीच, लहान मुलीची. जिला अजून फुलपाखरू धरावेसे वाटते, तिचे जगणे संपलेले नाही. चित्र थांबते, कारण तेथे थांबविले जाते. संपण्यासारखे तेथे काही नव्हते. तो आवाज म्हणूनच इतका कठोर वाटतो. सुंदर चित्राने मरण गोड झालेले नाही, उलट काय नासले ते नेमके किती होते हे त्या चित्राने मोजून दिले आहे.

वाचक मित्रहो, हा चित्रपट मिळाल्यास जरूर पाहावा, आणि शक्य तर दोनदा. पहिल्यांदा ऊन पाहावे, कारण तसे ऊन पडद्यावर क्वचितच दिसते. ते पाहण्यात संकोच मानू नये, सौंदर्यावर लुब्ध होणे हा गुन्हा नाही. दुसऱ्यांदा मात्र प्रत्येक चौकटीतला अंधुक भाग पाहावा. टोपलीत काय शिल्लक आहे ते पाहावे. नंतर आपल्या कन्नड किंवा मराठी मित्राबरोबर चहा घेत त्यावर वाद घालावा. आमच्या वर्गात तो अजून चालू आहे. एक पक्ष म्हणतो की त्या दोघांनी सर्व काही देऊन तीन-चार खरे आठवडे विकत घेतले. दुसरा पक्ष विचारतो, की किंमत कोणी कोणी भरली? मी दुसऱ्या पक्षात आहे. तरीही त्या संथ धुनीचे पहिले सूर कोठे कानावर पडले, की मला प्रथम आठवते ते हिरवे गवतच.